हनुवटीत सिलिकॉन बसवताय? ते जागेवर कसं राहणार ते आधी विचारा

आरशात आपण स्वतःला नेहमी समोरून बघतो. बाजूने आपण कसे दिसतो ते कळतं लग्नाच्या अल्बममध्ये किंवा कुणीतरी नकळत काढलेल्या फोटोत. इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला ते कळलं तिच्या साखरपुड्याच्या फोटोंमध्ये. अंगठी घालताना मान खाली होती आणि हनुवटी जवळपास दिसतच नव्हती. गळा थेट ओठापासून सुरू झाल्यासारखा वाटत होता. घरातल्या कुणालाच त्यात काही खटकलं नाही, पण ताईच्या मनातून तो फोटो जाईना. लग्नाला 7 महिने होते. दीड महिन्यात तिने हनुवटीचं इम्प्लांट करून घेतलं.

तिने करायला हवं होतं की नव्हतं, या वादात मी पडणार नाही. 29 वर्षांची, स्वतः कमावणारी मुलगी आहे, चेहरा तिचा आहे. मला सांगायचं आहे ते पुढचं. ऑपरेशनआधी तिने भरपूर प्रश्न विचारले होते. खर्च किती, व्रण दिसेल का, ऑफिसला किती दिवसांत जाता येईल, साइज कोणता चांगला दिसेल. एक प्रश्न मात्र तिने विचारला नाही, कारण असा प्रश्न असतो हेच तिला माहीत नव्हतं. हे इम्प्लांट आत जागेवर राहणार कशाच्या आधाराने?

दोन महिन्यांनी सूज पूर्ण उतरली, तेव्हा हसताना हनुवटीच्या डाव्या बाजूला एक कड वर आलेली दिसू लागली. बोट लावलं की ती किंचित हलायची.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी असं काही करायच्या विचारात असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

हे सिलिकॉन वेगळं असतं

सिलिकॉन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्रेस्ट इम्प्लांट येतं, म्हणजे जेल भरलेली पिशवी. चेहऱ्यासाठी वापरतात ते तसं नसतं. ते घट्ट, सलग रबरासारखं असतं. स्वयंपाकघरातला सिलिकॉनचा स्पॅच्युला आठवा, साधारण तसं, पण वैद्यकीय दर्जाचं. त्यात पातळ काही नसल्यामुळे ते फुटून गळण्याचा प्रश्न येत नाही. ते वाकतं, त्यामुळे लहान चिरेतून आत सरकवता येतं. ऑपरेशन चालू असताना सर्जन त्याच्या कडा ब्लेडने कापून आकारही देऊ शकतो.

आणखी एक गुण आहे आणि खरा मुद्दा तिथेच आहे. सिलिकॉनचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. शरीराच्या पेशी त्याच्या आत वाढत नाहीत, त्याच्याभोवती एक पातळ, चिवट आवरण तयार करतात. याचा फायदा असा की नको असेल तेव्हा इम्प्लांट तुलनेने सहज काढता येतं. पण त्याच कारणाने ते हाडाला चिकटत नाही. सच्छिद्र पॉलिएथिलीनचीही इम्प्लांट मिळतात. त्यांच्या छिद्रांमध्ये ऊती शिरतात आणि ती पक्की बसतात, पण काढायची वेळ आली तर सर्जनला घाम फुटतो. सिलिकॉनला मात्र बाहेरून आधार द्यावा लागतो. एकतर तो नेमक्या मापाच्या खिशाचा असतो, नाहीतर टाक्याचा किंवा स्क्रूचा.

चीर कुठून?

हनुवटीपर्यंत पोहोचायचे दोन मार्ग आहेत. एक तोंडातून, खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतून. दुसरा हनुवटीच्या खालून, जिथे बहुतेकांना एक आडवी घडी असतेच, तिथे साधारण 2 ते 3 सेंटिमीटरची चीर देऊन.

बाहेर व्रण नको म्हणून बहुतेक जणी तोंडातला मार्ग निवडतात. ताईनेही तोच निवडला. हा मार्ग चुकीचा नाही, अनेक चांगले सर्जन तो वापरतात. पण त्याचे दोन तोटे समजून घ्यायला हवेत. तोंडात लाळ असते आणि लाळेत जंतू असतात, त्यामुळे स्वच्छतेची काळजी जास्त घ्यावी लागते. दुसरं असं की वरून आत शिरल्यामुळे इम्प्लांट हवं त्यापेक्षा वर बसण्याची शक्यता असते. या मार्गात हनुवटीचा स्नायू कापावा किंवा बाजूला करावा लागतो. मेंटालिस असं त्याचं नाव. रडू येताना हनुवटीवर सुरकुत्या पडतात ना, त्या याच्यामुळे. तो नीट शिवून परत जागेवर आणला नाही, तर हनुवटीचं मांस खाली ओघळतं आणि बोलताना खालचे दात जास्त दिसू लागतात.

खालच्या चिरेतून सर्जनला जबड्याची खालची कड थेट दिसते. इम्प्लांट बसवायला ती कड सर्वात चांगली जागा आहे. टाका किंवा स्क्रू लावणंही तिथून सोपं जातं. उरतो तो व्रण, बहुधा घडीत लपणारा. पण तुमच्या त्वचेवर व्रण जाड होत असतील, कान टोचल्यावर गाठ आली असेल किंवा बीसीजीच्या जागी उंचवटा असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

खिसा शिवायचा तसा

शिवणकाम येणाऱ्यांना हा भाग लगेच कळेल. हाडावर एक पातळ, मजबूत आवरण असतं, पेरिऑस्टियम. सर्जन हे आवरण चपट्या अवजाराने हाडापासून हळूहळू सोडवतो आणि खाली एक खिसा तयार करतो. इम्प्लांट या खिशात जातं. म्हणजे खाली हाड आणि वर घट्ट ताणलेलं आवरण. खिसा इम्प्लांटच्या मापाचा झाला तर ते हलत नाही. सैल झाला तर ते फिरतं किंवा घसरतं. तंग झाला तर इम्प्लांटची पातळ टोकं आत दुमडतात आणि बाहेरून कडा हाताला लागतात.

हल्लीची बरीच इम्प्लांट लांबट असतात. मधे जाड आणि दोन्ही बाजूंना जबड्याच्या कडेने पातळ होत जाणारे पंख. फक्त मधे बसणारं छोटं बटणासारखं इम्प्लांट घातलं तर हनुवटी चिकटवल्यासारखी वेगळी दिसते, पंखांमुळे ती जबड्यात मिसळून जाते. पण पंख लांब म्हणजे खिसाही दोन्हीकडे लांब करावा लागतो, आणि तिथे वाटेत एक नस आहे.

जीभ खालच्या उपदाढांच्या, म्हणजे सुळ्यामागच्या दोन दातांच्या बाजूला न्या. साधारण त्याच्या खाली हाडात एक छोटं छिद्र असतं आणि तिथून मेंटल नर्व्ह बाहेर येते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तीच पोहोचवते. इम्प्लांटचे पंख या छिद्राच्या खालून, जबड्याच्या कडेला धरून जायला हवेत. नस ताणली गेली तर ओठ काही आठवडे बधिर राहतो, आणि बहुतेकदा संवेदना परत येते. इम्प्लांट वर सरकून नसेवरच टेकलं तर मात्र मुंग्या, टोचणं किंवा बधिरपणा जात नाही.

दोन्ही बाजूंचे खिसे एकाच पातळीवर हवेत, हेही आलंच. एक बाजू 3 मिलिमीटर वर गेली तरी चेहऱ्यावर ते कळतं. म्हणूनच अनेक इम्प्लांटवर मध्यभागी एक खूण असते. सर्जन ती चेहऱ्याच्या मध्यरेषेशी जुळवतो, आणि ती मध्यरेषा भूल देण्याआधी तुम्हाला बसवून पेनाने आखलेली असते. आडवं झोपल्यावर चेहऱ्याचं मांस वेगळीकडे झुकतं, त्यामुळे आखणी बसूनच व्हायला हवी. तुमचे डॉक्टर ती कधी करतात ते विचारून ठेवा.

नुसता खिसा, टाका की स्क्रू?

याबाबत सर्जन मंडळींचं एकमत नाही. काही जण म्हणतात, खिसा मापात झाला की वेगळं बांधायची गरज नाही, काही आठवड्यांत भोवतालचं आवरण तयार होतं आणि तेच इम्प्लांटला धरून ठेवतं. हे खोटं नाही. अशा पद्धतीने बसवलेली असंख्य इम्प्लांट वर्षानुवर्षं जागेवर आहेत. पण हे सगळं खिसा किती नेमका झाला यावर आणि पहिले काही आठवडे तुम्ही किती जपता यावर अवलंबून राहतं.

दुसरी पद्धत टाक्याची. इम्प्लांटच्या मध्यातून एक-दोन टाके घेऊन ते हाडाच्या आवरणाला किंवा कडेच्या जाड ऊतींना बांधतात. मधला भाग त्यामुळे वर-खाली होत नाही. पंख मात्र खिशाच्याच भरवशावर राहतात.

तिसरी स्क्रूची. टायटॅनियमचे बारीक स्क्रू, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, इम्प्लांटमधून थेट जबड्याच्या हाडात जातात. सहसा एक किंवा दोन पुरतात. एकाच स्क्रूवर इम्प्लांट घड्याळाच्या काट्यासारखं फिरू शकतं, म्हणून काही सर्जन दोन लावणं पसंत करतात. स्क्रू दातांच्या मुळांपासून लांब, जबड्याच्या खालच्या जाड हाडात जायला हवा आणि त्याचं डोकं सिलिकॉनमध्ये थोडं रुतायला हवं, नाहीतर ते त्वचेखाली हाताला लागतं. तो इतका घट्टही आवळायचा नाही की मऊ सिलिकॉन दबून वाकडं होईल. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे कधी एमआरआय करावा लागला तर सहसा अडचण येत नाही, फक्त तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगायचं.

मला विचाराल तर, या वाचनानंतर मी स्वतः स्क्रूवाली बाजू घेईन. पण माझं मत राहू द्या. तुमचे सर्जन कोणती पद्धत वापरतात आणि का, हे त्यांना साध्या शब्दांत सांगता यायला हवं. 'त्याची काळजी तुम्ही करू नका' हे उत्तर नाही.

गालांच्या इम्प्लांटमध्ये हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे दोन वेगळे तुकडे दोन बाजूंना अगदी सारखे बसवायचे असतात. चीर बहुधा वरच्या ओठाच्या आतून असते आणि डोळ्याखालून येणारी नस जवळच असते. तिथेही स्क्रू वापरतात, किंवा गालाच्या त्वचेतून बाहेर टाका काढून छोट्या गादीवर बांधतात आणि काही दिवसांनी सोडतात. नाकातलं सिलिकॉन हा तर वेगळाच विषय. पूर्व आशियात ते खूप वापरलं जातं, पण नाकाच्या टोकाची त्वचा पातळ असल्याने इम्प्लांट ती पातळ करत बाहेर येण्याचा धोका तिथे कायम डोक्यात ठेवावा लागतो.

हाड झिजतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण घाबरून जाण्यासारखं बहुतेकदा नसतं. हनुवटीच्या इम्प्लांटखाली हाड झिजल्याचे अहवाल 1969 पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्नायू वरून दाबतो, इम्प्लांट हाडावर टेकतं आणि खाली थोडा खळगा पडतो. जबड्याच्या खालच्या कडेचं हाड जाड आणि टणक असतं, तिथे हा परिणाम बहुधा किरकोळ राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. इम्प्लांट वर, दातांच्या मुळांजवळच्या पातळ हाडावर बसलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे झीज मुळांपर्यंत जाऊ शकते. फार मोठं इम्प्लांट आणि सतत हलणारं इम्प्लांट हीसुद्धा कारणं. जागा आणि पकड यांचा संबंध असा फक्त दिसण्याशी नाही, दातांशीही आहे.

आधी दात दाखवा

हनुवटी मागे दिसते याचा अर्थ नेहमीच फक्त हनुवटी लहान आहे असा नसतो. कधीकधी पूर्ण खालचा जबडाच मागे असतो. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्यांच्या फार पुढे येतात का? ओठ मिटायला जोर लावावा लागतो का? मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं असं काही आहे का? यापैकी काही असेल तर आधी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मॅक्सिलोफेशियल सर्जनला भेटा. इम्प्लांट हा वरून दिलेला उंचवटा आहे, चावा किंवा श्वास त्याने सुधारत नाही. अशा वेळी जबड्याचं ऑपरेशन किंवा जीनिओप्लास्टी, म्हणजे स्वतःचंच हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवून प्लेटने बसवणं, हा जास्त योग्य मार्ग असू शकतो. हाड अजून वाढत असलेल्या वयात, म्हणजे किशोरवयात, इम्प्लांटचा विषयच नको.

साइजबाबत एकच सांगते. बाजूने बघताना खालच्या ओठापासून सरळ खाली रेष ओढली तर स्त्रियांची हनुवटी तिच्या जराशी मागे असलेली छान दिसते. मोबाइलच्या फिल्टरमधली टोकदार हनुवटी हे माप नाही. हनुवटीची बरीच इम्प्लांट 4 ते 10 मिलिमीटर जाडीची असतात, आणि पहिल्यांदा बसवताना मोठ्यापेक्षा लहान बरं.

खर्चाचं गणित

आरोग्य विमा यासाठी मिळेल असं धरून चालू नका. केवळ दिसणं बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे उपचार हे त्याला अपवाद. शिवाय निव्वळ कॉस्मेटिक सर्जरीवर 18 टक्के जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग किंवा इजेमुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया त्यातून सुटते. कोटेशन घेताना कर धरून आकडा सांगताहेत का ते विचारा. त्याच बैठकीत हेही विचारा, की इम्प्लांट सरकलं, जंतुसंसर्ग झाला किंवा काढावं लागलं तर त्याचा खर्च कोणाचा? ताईला हा खर्च पूर्ण वेगळा पडला.

डॉक्टरांची पदवीही बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, अथवा मॅक्सिलोफेशियल सर्जरीतली एमडीएस. पार्लरला लागून असलेल्या क्लिनिकमध्ये 'ऑफर' चालू असेल तर चहा घ्या आणि घरी या.

घरी आल्यावर

ऑपरेशन साधारण तासाभराचं असतं आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. हनुवटीवर पट्टी असते. ती सूज रोखते आणि इम्प्लांटला सुरुवातीचा आधारही देते, म्हणून खाज आली तरी स्वतः काढू नका. डोकं उंच ठेवून, पाठीवर झोपा. कुशीवर वळायची सवय असेल तर दोन्हीकडे उशा लावा. पहिले काही दिवस मऊ खाणं, म्हणजे आमटी-भात, खिचडी, दही, कुस्करलेली केळी. मक्याचं कणीस आणि चिक्की महिनाभर विसरा. तोंडातून चीर असेल तर प्रत्येक खाण्यानंतर सांगितलेल्या माउथवॉशने गुळण्या करा. ओठ बधिर असताना चहा आधी मनगटावर टेकवून बघा. ताईने पहिल्याच आठवड्यात ओठ भाजून घेतला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं.

सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. जखम भरण्यात त्यांचा मोठा अडथळा असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाबद्दलही तसंच. लहान मूल घरात असेल तर काही आठवडे त्याला कडेवर घेताना जपा. पोरं डोकं नेमकं हनुवटीवरच आपटतात.

पहिल्या दिवसात एका बाजूची सूज झपाट्याने वाढली, घट्ट झाली किंवा श्वास घ्यायला, गिळायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न बघता तातडीने हॉस्पिटल गाठा. नंतरच्या दिवसांत वाढती लाली, ताप, पू, किंवा कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर जंतू एकदा बसले की अनेकदा नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, इम्प्लांट काढावं लागतं, आणि नवीन बसवण्याआधी काही महिने थांबावं लागतं. हसणं थोडं वाकडं वाटणं मात्र सुरुवातीला सर्रास होतं, सूज उतरेपर्यंत थांबा.

ताईच्या फाइलमध्ये काय नव्हतं

कड वर आल्यावर ताई आधीच्याच ठिकाणी गेली. तिथे तिला मसाज करायला सांगितलं गेलं. तीन आठवडे तिने तो केला आणि कड आणखी वर आली. मग मावशी तिला दुसऱ्या सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलं विचारलं, "कोणत्या कंपनीचं, कोणत्या साइजचं इम्प्लांट आहे? स्क्रू लावलाय का?" ताईकडे फक्त पैसे भरल्याची पावती होती. इम्प्लांटच्या पाकिटावर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मॉडेल, साइज आणि लॉट नंबर छापलेला असतो. तो पेशंटच्या फाइलमध्ये लावायचा असतो आणि त्याची प्रत तुम्ही मागू शकता. तिला ना स्टिकर मिळाला होता ना ऑपरेशनची नोंद.

सीटी स्कॅन केल्यावर कळलं की इम्प्लांट फिरलं होतं. डावा पंख नसेच्या छिद्राजवळ आला होता आणि उजवा कडेखाली उतरला होता. टाका नव्हता, स्क्रू नव्हता, खिसा रुंद होता.

दुसरं ऑपरेशन हनुवटीखालून झालं. जुनं इम्प्लांट काढलं, वरचा खिसा टाके घालून बंद केला, खालच्या कडेला नवा केला आणि आधीपेक्षा लहान इम्प्लांट दोन स्क्रूंनी बसवलं. लग्न 2 महिने पुढे गेलं. होणाऱ्या नवऱ्याला तिने सगळं खरं सांगितलं होतं, त्याच्या आईला मात्र 'दाताचं काम' एवढंच कळलं आहे. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात तिला अजून थोड्या मुंग्या येतात.

स्टिकरची प्रत आता तिच्याकडे दोन ठिकाणी आहे. एक फाइलमध्ये आणि एक पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे.